लाईनमधली हवा

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
मग पडदा काळा.
अरबट गुरुजींच्या घराचा दुसरा मजला
दरवेळी इथंच कोसळतो,
पाया खणायच्याही आधी.

मे महिना, दुपारचे तीन.
टिनाखालची माझी खोली त्रेचाळीस, तीही कूलरसमोर.
सुटे भाग मागवून, स्क्रू वाटीत मोजून ठेवून
पहिल्यांदाच जोडलेलं हे मशीन
काम सांगितलं की तापतं.
आमच्या घराण्यावर गेलंय.

तर पाणी खेळवायचं ठरलं.
कसं, ते ठरेना.

वहीत दोन रकाने.
एकात बंद यंत्रणा, कारखान्यातूनच भरून आलेली,
दोन रबरी नळ्या, दोन पंखे,
किंमत: चार घरांच्या एलिव्हेशनचे पैसे.
दुसऱ्यात सगळं आपल्या हातचं,
काचेसारख्या नळ्या, वेगळी टाकी, वेगळा पंप,
चकचकीत जोड, आणि पाण्याला रंग.
जांभळा की हिरवा,
यात माझ्या चार रात्री गेल्या.
किंमतही लिहिली होती,
पण तिच्यावर अंगठा ठेवूनच मी पान वाचायची.

आमच्याकडे पाण्याचं नाव जपून घेतात.
खारपाणपट्टा हा.
बादलीला, तोटीला, कूलरच्या ताट्यांना
पांढरी साय धरते, खरवडली तरी परत.
दर्यापुरात मोटरी भरणारे मुनाफभाई म्हणाले,
"बोअरचं टाकशीन तं पंधरा दिवसात पंप जाम.
ब्याटरीचं पाणी नेजो माय, पाच लिटरची कॅन."

बाबा सव्वीस वर्षं वॉलमन.
धरणाची लाईन गावात शिरते तिथं
चाक फिरवून पाणी सोडतात,
आठव्या दिवशी,
आधी खालच्या पुऱ्याला, मग आमच्या.

रात्री त्यांनी वही ओढून घेतली.
दुसऱ्या रकान्यातल्या चित्रावर बोट फिरवत,
ओठ हलवत मोजलं.
"अकरा जोड."
"हो."
"म्हंजे बावीस तोंडं."
"पण बाबा, दिसायला..."
"गळती जोडावरच राह्यते माय.
सरळ पाइप कधी रडत नाही.
अन् राती उठून पाहाले कोण? तूच."

मला वाटलं होतं ते म्हणतील,
आपल्या हातानं बांध,
डब्यात कोंडलेल्या पाण्याचा काय भरवसा.
चिखलात खांद्यापर्यंत हात घालून
उभा जन्म जोड आवळलेला माणूस
बिनजोडाचं मागत होता.

जांभळा मी खोडला.
हिरवा तसाच ठेवलाय.

पार्सल गावापर्यंत येत नाही.
दर्यापूरहून एसटीत मांडीवर घेऊन आले,
लेकरू असल्यासारखं; एका बाईनं विचारलंही,
"मिक्सर हाये का वं?"

लावताना एकच वाद झाला.
मी रेडिएटर तळाशी धरला,
बाबांनी मनगट अडवलं.
"हवा वर जाते. पंप उंचावर ठेवशीन
तं हवा पंपात बसन.
लाईननं हवा धरली
का मंग चाक कितीही फिरव."
रेडिएटर वर गेला, झाकणाला टेकून.

बटण दाबलं. आत कुणीतरी
चूळ भरल्यासारखा आवाज. मग नाही.
बाबांनी डब्याला कान लावला,
पहाटे लाईनला लावतात तसा.
"निंघालं," म्हणाले.

"किती असन पाणी याच्यात?"
"एक पेला. तोही भरून नाही."
"अन् जाते कुठं?"
"कुठंच नाही. फिरत राहतं."
बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
"म्हंजे याच्या गावाले रोज पाणी."

खोली बेचाळीस. प्रोसेसर चौऱ्याहत्तर.
खोलीपेक्षा गार ते कधीच करणार नाही,
एवढं मला आधीच माहीत होतं.
गुरुजींचा दुसरा मजला
वीट वीट करत चढत होता,
बाल्कनीचा कठडाही दिसायला लागला,
चौसष्ट टक्के, पासष्ट,
आणि लाईट गेली.

अंधारात पंखे मंदावत थांबले.
बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग बाबा म्हणाले,
"हे माह्या खात्यात येत नाही."